दम लागतोय? आधी कधी लागतो ते बघा
जिना चढताना धाप लागली की लगेच "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. आडवं झालं की दम लागतो, दोन-तीन उशा घ्याव्या लागतात आणि पायाच्या सुजेवर बोट दाबलं की खड्डा राहतो, असं असेल तर हार्ट तपासून घ्या. पहाटे खोकला, छातीत सूं सूं आवाज येत असेल तर दमा असू शकतो. हिमोग्लोबिन कमी असलं तरी दम लागतो, आणि बायकांमध्ये ते इतकं कॉमन आहे की सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) कराच, स्वस्तात होते. बोटाला ऑक्सिमीटर (ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावताना नेलपॉलिश काढा हां, आकडा चुकू शकतो. अचानक दम, ओठ निळे, धड एक वाक्य बोलता येत नाही, मग गुगल नको, सरळ अँब्युलन्ससाठी १०८ लावा. शुगरवाल्यांना तर हार्ट अटॅकमध्येही कधीकधी छातीत दुखत नाही, नुसता दमच लागतो.