जुनी डिझेल गाडी लांबून घरी आणताय? या चुका टाळा

व्यवहार झाला, किल्ली हातात आली आणि संध्याकाळच्या आत निघायचंच असं ठरलं, की पुढचं सगळं मला पाठ आहे. रात्री कधीतरी फोन येतो, "दादा, गाडी बंद पडली. मघापर्यंत मस्त चालली होती." समोरचा पुढे काय सांगणार, तेही आता मला आधीच कळतं. वीस-पंचवीस वर्षांची गाडी, मधली दोन-तीन वर्षं नुसती उभी, आणि नव्या मालकाने पहिल्याच दिवशी तिला पाच-सहाशे किलोमीटरवर काढलेली. जुनं डिझेल इंजिन चिवट असतं, ते खरंच आहे. पण त्याला डिझेल पोचवणारा रबरी पाइप, पाणी धरून ठेवणारा क्लॅम्प आणि वर्षभर न फिरलेलं चाक तितकं चिवट नसतं. रस्त्यात गाडी अडते ती यांच्यापायी.

पहिल्याच पंपावर टाकी फुल्ल करणं

ही चूक बघून बघून मी थकलोय, म्हणून आधी हीच.

उभ्या गाडीच्या अर्धवट टाकीत दिवस-रात्रीच्या गरम-गारामुळे आतल्या हवेतलं पाणी सुटतं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते आणि तिचा बुळबुळीत काळपट गाळ होतो. विकणारा गाडी महिन्यातून एकदा चालू करतो, कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतो. तेवढ्याने हा गाळ हलत नाही. मग तुम्ही येता, एका दमात चाळीस लिटर ओतता आणि तासन्‌तास गाडी हिंदकळवता. तळाचं सगळं वर येतं आणि टाकीतल्या जाळीवर जाऊन बसतं.

माझ्या एका मित्राने अशीच दोन वर्षं उभी असलेली गाडी घेतली. आणायला मीही गेलो होतो. अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर. "आधी फिल्टर खोलून बघू," असं मी म्हणालो, पण त्याला उजेड आहे तोवर घाट उतरायचा होता आणि मी फार ताणलं नाही. ऐंशी किलोमीटर गाडी सुरेख चालली. मग एका चढावर ओढेनाशी झाली. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग घटतच गेला, आणि मागून धूर अजिबात नाही. ही खूण लक्षात ठेवा. ताकद जाते आणि काळा धूर येतो, तेव्हा हवा कमी पडते किंवा सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल बिघडलेलं असतं. ताकद जाते आणि धूरच येत नाही, तेव्हा इंजिनाला डिझेल पोचत नसतं.

गाडी बाजूला घेतली, दहा मिनिटं थांबलो, सेल्फ मारला. लगेच चालू. वीस किलोमीटर पुन्हा नवी असल्यासारखी. मग पुन्हा तेच; पुढच्या वेळी बारा किलोमीटरवर, त्यानंतर पाचावर. वाटेतल्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडून पाच मिनिटांत निदान केलं : इंजिनाला डिझेल देणारा पंप गेला, उतरवावा लागेल, दोन दिवस लागतील. मित्र तयारही झाला होता. मी त्याला एवढंच म्हटलं की पंप गेला असता तर दहा मिनिटं विश्रांती घेऊन बरा झाला नसता. फिल्टर काढला आणि त्यातलं डिझेल पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटलीत ओतलं. खाली बोटभर पाणी, वर गढूळ डिझेल, आणि मधे शेवाळासारखे काळे तंतू तरंगत होते. नवा फिल्टर घातला. साठ किलोमीटर गेलो आणि पुन्हा थांबलो.

तेव्हा खात्री झाली की अडचण फिल्टरच्याही मागे, टाकीतल्या जाळीवर आहे. इंजिन ओढत असतं तोवर गाळ जाळीला चिकटून राहतो. इंजिन बंद झालं की ओढ थांबते आणि गाळ सुटून खाली बसतो. दहा मिनिटांची जादू ती एवढीच. फिल्टरकडे येणारा पाइप सुटा केला, टाकीचं झाकण उघडलं आणि चाकात हवा भरायच्या पंपाने उलट्या दिशेने हवा मारली. टाकीतून बुडबुड आवाज आला तसं मित्राच्या चेहऱ्यावर रक्त परतलं. त्यानंतर दर शंभरेक किलोमीटरला हेच करत दुसऱ्या दिवशी रात्री दोनला पोचलो. नंतर घरी टाकी उतरवली तेव्हा जाळीवर चामड्यासारखा पापुद्रा धरला होता. तो सोलून काढावा लागला.

म्हणून माझी सवय सांगतो. गाडी विकणाऱ्याच्या दारातच असताना फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून डिझेल बाटलीत घेतो आणि बाटली उजेडासमोर धरतो. टाकीला खाली नट असेल तर तिथूनही दोनेक लिटर काढतो. गाळ दिसला तर त्या दिवशी निघतच नाही. डिझेल लागेल तसं थोडं थोडं भरतो, कारण टाकी उतरवायची वेळ आलीच तर भरलेली टाकी दोघांनाही पेलत नाही. पंचेचाळीस लिटर डिझेल म्हणजे अडतीस किलोच्या आसपास वजन. सोबत दोन नवे फिल्टर, मीटरभर पारदर्शक डिझेल पाइप, मूठभर क्लॅम्प आणि तो हवेचा पंप. टाकी साफ करणाऱ्या औषधांच्या बाटल्या मी प्रवासात वापरत नाही. सुटलेला गाळ शेवटी फिल्टरमध्येच येणार. तो घरी आलेला बरा.

एअर धरली आणि बॅटरी संपवली

फिल्टर बदलताना आत हवा शिरते. जुन्या पाइपांतून ती एरवीही शिरते, आणि इथे नवखा माणूस फसतो, कारण डिझेल कुठेच ठिबकत नाही. टाकी ते पंप या भागात इंजिन डिझेल ओढून घेतं, त्यामुळे तडकलेल्या पाइपातून डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीत परत उतरतं आणि सकाळी गाडी उठत नाही. पारदर्शक पाइपाचा तुकडा फिल्टर आणि पंपाच्या मधे लावा. बुडबुडे दिसतात, वाद मिटतो.

एअर हाताने काढा. हँड प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलायचा छोटा हातपंप, कडक होईपर्यंत दाबा, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेस्तोवर थांबा, मगच सेल्फ मारा. तोही एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मधे स्टार्टरला थंड होऊ द्या. लोक प्रायमरला हात न लावता सेल्फच मारत बसतात, आणि एअर निघायच्या आधी बॅटरी बसते. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नोझलकडचा नट सैल करून एअर काढता येते, पण त्या फवाऱ्यापाशी बोट नेऊ नका. तो दाब शंभर बारच्या वर असतो आणि डिझेल कातडीखाली घुसतं. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे एकाच जाड नळीतून सगळ्या नोझलना डिझेल जातं, तो नट कधीही सैल करायचा नाही. तिथला दाब हजार बारच्या पुढचा.

एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारून गाडी उठवायचं तर डोक्यातून काढूनच टाका. गार इंजिन उठवायला सिलिंडर आतून तापवणारे हीटर प्लग तापलेले असतील तर तो स्प्रे भलत्या वेळी पेट घेतो; पिस्टनच्या रिंगा तुटतात. सकाळी उठत नसेल तर हीटर प्लग तपासा. जुन्या इंजिनात त्यांना दहा-वीस सेकंद लागू शकतात आणि अनेकांना तेवढाही धीर नसतो.

काटा खाली आला म्हणून सुटकेचा श्वास

तापमानाचा काटा वर चढला की सगळे घाबरतात. वर चढून अचानक खाली आला की सगळ्यांना बरं वाटतं, आणि खरा धोका तिथेच असतो. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर त्याचं तापमान दाखवतो. पाणीच निघून गेलं की तो हवेत लोंबकळतो आणि काटा खाली पडतो, इंजिन मात्र भाजत असतं. गाडीतला हीटर मधूनमधून लावून बघा. काटा वर असताना आत गार हवा आली तर समजा पाणी कमी आहे. लगेच थांबा.

थांबल्यावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी 100 अंशांवर उकळत नाही, 120 च्या आसपास उकळतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि उकळतं पाणी वाफेसकट अंगावर येतं. माझ्या हातावर त्याचा डाग आहे, मनगटापासून कोपरापर्यंत. तेव्हा मला घाई होती आणि फक्त वीस मिनिटं झाली होती. आता मी पाऊण तास थांबतो. होस हाताने दाबून बघतो, मऊ लागला तरच जाड फडकं टाकून झाकण हळूहळू फिरवतो. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतत नाही, हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, तडकतं. थंड झाल्यावर इंजिन चालू ठेवून थोडं थोडं.

निघायच्या आधी सकाळच्या गार इंजिनाचं झाकण उघडा. रात्रभर उभ्या गाडीतून फुस्स करून दाब सुटला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात जातोय, म्हणजे हेड गॅस्केट गेलेलं किंवा हेडला तडा. अशी गाडी ट्रकवर घालून आणा. थर्मोस्टॅट काढून टाका, गळती बंद करायची पावडर टाका, असे सल्ले मिळतील. ऐकू नका. पावडर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

उतारावर इंजिन बंद करणं

डिझेल वाचवायला अजूनही लोक हे करतात, आणि मला याचा मनापासून राग येतो. पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, व्हॅक्युम आपोआप तयार होतो. जुन्या डिझेलच्या इनटेकमध्ये हवा अडवणारी झडपच नसल्याने तो होत नाही. म्हणून पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्युम पंप असतो, बऱ्याच गाड्यांत बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला. इंजिन बंद, की पंप बंद. दोन-तीनदा ब्रेक दाबला की साठलेला व्हॅक्युम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. अशा गाडीत अल्टरनेटरचा पट्टा तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकचा जोरही जातो, तेव्हा बॅटरीचा दिवा लागल्यावर आधी ब्रेकचा विचार करा. त्या पंपाला इंजिनाचंच ऑइल जातं. त्याचा छोटा रबरी होस जुना असेल तर निघण्याआधी बदला. तो फाटला तर सगळं ऑइल रस्त्यावर.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना 230 अंशांच्या आत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरते. लांब उतारावर हा फरक पायाला कळतो. गाडी गिअरमध्ये ठेवा.

निघाल्यावर मी दहा, तीस आणि साठ किलोमीटरला थांबतोच. प्रत्येक चाकाजवळ तळवा नेतो, टेकवत नाही. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल, जळका वास येत असेल, तर ब्रेक जाम आहे किंवा बेअरिंग जातंय. तिसऱ्या थांब्यापर्यंत सोबतचे कंटाळतात. कंटाळू द्या.

बाकी थोडक्यात

डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं म्हणून मोल पाडू नका. डिझेलमध्ये नवं ऑइलही लवकर काळं होतं. दुधाळ दिसलं तर मात्र निघू नका.

ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त ओतू नका. जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये गेलं तर इंजिन त्यावरच पळत सुटतं आणि किल्ली काढूनही थांबत नाही. तसं झालं तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडा. इनटेकवर हात धरू नका.

टायरची नक्षी बघून समाधान मानू नका. बाजूवर चार आकडे असतात. 2315 म्हणजे 2015 सालचा 23 वा आठवडा. दहा वर्षांवरचा टायर लांबच्या प्रवासाला नको, स्टेपनीसकट.

पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. डिझेलच्या सिलिंडरमध्ये हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते, पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये जागाच उरत नाही. बेल्ट तुटला की इंजिन फुटतं.

रात्री गाडी चालवू नका. अंधारात ना गळती दिसते, ना धुराचा रंग.

पोचल्यावर लगेच आत जाऊ नका. टर्बो असेल तर इंजिन एक-दोन मिनिटं मंद चालू ठेवून मग बंद करा. गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि पुढचं चाक जिथे येतं तिथे पेनाने खूण करा. सकाळी पुठ्ठ्यावरचे डाग बघा : काळा असेल तर इंजिन ऑइल, हिरवा किंवा गुलाबी पण पाण्यासारखा पातळ असेल तर कूलंट, लालसर तेलकट असेल तर बहुधा स्टिअरिंगचं, आणि रंग नसलेला, बोटाला वास लावणारा डाग असेल तर डिझेल. खुणेवरून मोजलं की गळती कुठे आहे ते कळतं, आणि कामाची यादी तिथून सुरू करता येते.