डीएनए आणि तंतुकणिकांची झीज: काय टाळावे, काय करावे

पेशीतील डीएनएला इजा होणे ही रोजचीच गोष्ट आहे. एकेका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी बिघाड होतो आणि त्यातील बहुतेक पेशी स्वतःच दुरुस्त करते; ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जो बिघाड तसाच राहतो तो वयाबरोबर साठत जातो. अशी पेशी कर्करोगाकडे वळू शकते, मरू शकते, किंवा विभाजन कायमचे थांबवून आजूबाजूला दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहते.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचा, म्हणजे मायटोकाँड्रियांचा, स्वतःचा छोटा डीएनए असतो. त्यात ३७ जनुके असतात, तो केवळ आईकडून येतो, आणि त्याच्या दुरुस्तीची साधने केंद्रकातील डीएनएच्या मानाने तोकडी असतात. या दोन झिजा एकमेकींना वाढवतात. केंद्रकातील डीएनए तुटला की दुरुस्तीसाठी एनएडी नावाचा रेणू खर्ची पडतो आणि नेमका तोच रेणू तंतुकणिकांनाही ऊर्जानिर्मितीसाठी लागतो. उलट, तंतुकणिका दुबळ्या झाल्या की दुरुस्तीलाच ऊर्जा कमी पडते. म्हणून उपायही दोन्ही बाजूंनी करावे लागतात: बाहेरून होणारी इजा रोखायची आणि तंतुकणिकांना कामाला लावायचे.

सुरुवात तंबाखूपासून करावी, कारण टाळता येण्याजोग्या कारणांत तिच्या तोडीचे दुसरे नाही. विडी-सिगारेटचे दुष्परिणाम सर्वांना माहीत असतात, पण आपल्याकडे अनेक घरांत मिश्रीला व्यसन मानलेच जात नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ती तंबाखू बोटाने हिरड्यांवर घासून थोडा वेळ तोंडात ठेवली जाते, तेव्हा डीएनएला चिकटणारी रसायने थेट नाजूक त्वचेत मुरतात. नुसती सुपारीही निर्धोक नाही. तंबाखूविना खाल्लेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरलेली आहे. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल किंवा तिखट लागताच आग होत असेल, तर दंतवैद्याकडे जाण्यात दिरंगाई करू नये.

दुसरी सवय स्वयंपाकघरातली आहे. दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. यकृतात त्याचे रूपांतर होऊन ते डीएनएला घट्ट चिकटते आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवते. हिपॅटायटिस बी असलेल्यांना हा धोका कितीतरी अधिक असतो, त्यामुळे त्याची लस घेतली आहे ना, हेही पाहावे. कूट करण्याआधी दाणे ताटात पसरून निवडावेत. काळपट, सुरकुतलेले, हिरवट-पिवळी बुरशी आलेले दाणे काढून टाकावेत आणि तोंडात आलेला कडवट दाणा थुंकून द्यावा. भाजल्याने हे विष पूर्णपणे जात नाही, त्यामुळे ‘भाजून घेतले की चालते’ या समजुतीवर विसंबू नये.

तंतुकणिकांसाठी सर्वांत खात्रीचा उपाय व्यायाम आहे. स्नायूंना नियमित काम पडले की त्यांत नव्या तंतुकणिका तयार होतात आणि निकामी झालेल्या मोडीत काढल्या जातात. उतारवयातही स्नायू हा प्रतिसाद देतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवला आहे. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने चालणे म्हणजे मध्यम श्रम. ताकदीसाठी हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठबस करणेही चांगली सुरुवात आहे. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिन (शरीरात अ जीवनसत्त्व बनणारे गाजरातील द्रव्य) देऊन पाहिले, तेव्हा १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. २००९ मधील एका अभ्यासात क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेमुळे व्यायामाचा इन्सुलिनवरील चांगला परिणाम दबला गेला, कारण व्यायामात निर्माण होणारे थोडे मुक्तकण (पेशीतील इतर रेणूंवर चटकन प्रक्रिया करणारे अस्थिर रेणू, ज्यांना ही जीवनसत्त्वे निष्प्रभ करतात) हाच पेशीला मिळणारा इशारा असतो. एनएडी वाढवणाऱ्या महागड्या कॅप्सूलने रक्तातील त्याची पातळी वाढते, पण माणसाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही.

शेवटचे काम कागद-पेन घेऊन करायचे आहे. तंतुकणिकांचा डीएनए आईकडून येत असल्याने आजोळचा इतिहास विचारून लिहून ठेवावा: आजी, मामा, मावश्या आणि मावशीची मुले यांच्यापैकी कोणाला मधुमेहाबरोबर बहिरेपणा आला होता का, किंवा स्ट्रेप्टोमायसिन वा जेंटामायसिनच्या इंजेक्शनांनंतर ऐकू येणे कमी झाले होते का? तंतुकणिकांतील एका विशिष्ट उत्परिवर्तनामुळे (डीएनएतील बदलामुळे) या वर्गातील प्रतिजैविकांच्या नेहमीच्या मात्रेनेही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. असे उदाहरण आढळल्यास ते आपल्या आणि मुलांच्या वैद्यकीय फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहावे आणि क्षयरोगाचे किंवा गंभीर जंतुसंसर्गाचे उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांच्या नजरेस आणावे.