घटाआधीची झाडलोट: धूळ उडवायची नाही, उचलायची

पाऊस ओसरून पितृपंधरवडा लागला की कोल्हापुरात घरोघरी वाकळा, चादरी, पडदे बाहेर निघतात. घट बसायच्या आत घर झाडून-धुऊन लख्ख झालं पाहिजे, हा नेमच आहे. पंचगंगेचा घाट धुण्यानं भरतो, गच्चीवर दोऱ्या पुरत नाहीत. एवढे कष्ट करूनही बऱ्याच घरांत चार दिवसांनी धूळ पुन्हा जागच्या जागी दिसते, कारण ती घराबाहेर गेलेलीच नसते. कोरड्या फडक्याचे फटके मारून आपण ती हवेत सोडतो, पंखा ती घरभर फिरवतो आणि संध्याकाळी ती परत टेबलावर येऊन बसते.

आधी काय जमवायचं

दुकानात जायची फारशी गरज नाही. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची फडकी सगळ्यात चांगली. धुऊन-धुऊन मऊ झालेलं सुती कापड पाणी आणि धूळ दोन्ही धरून ठेवतं. टेरिकॉटची फडकी मात्र नुसती घसरत जातात. शिवाय दोन बादल्या, जुना टूथब्रश, रंगकामाचा एक मऊ ब्रश, उशीचा जुना अभ्रा, लांब काठी आणि भांडी घासायचा साबण. पैसे घालायचेच असतील तर मायक्रोफायबरच्या एक-दोन फडक्यांवर घाला. त्याचे चिरलेले बारीक तंतू कोरडेपणीही धूळ पकडतात. धुताना त्याला कपडे मऊ करायचं औषध लावू नका, तंतू बुजतात.

वरून खाली, आतून बाहेर

पहिली पायरी जळमटांची. काठीच्या टोकाला ओलसर फडकं घट्ट बांधा आणि ते कोपऱ्यातून गोल फिरवत आणा, म्हणजे जाळं फडक्याला गुंडाळलं जातं. केरसुणीनं ओढलं तर चुन्याच्या भिंतीवर काळा पट्टा उमटतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या कौलारू घरांत तुळया आणि माळा असतोच. तिथली धूळ आधी मऊ ब्रशनं सुपलीत ओढून घ्या, ओलं फडकं मागून. खालच्या गाद्यांवर जुनी चादर टाका आणि नाकातोंडाला रुमाल बांधा.

मग पंखे. मेन स्विच बंद करा, पक्कं स्टूल घ्या, खाली धरायला कुणीतरी उभं राहू दे. उशीचा अभ्रा पात्यावर मोज्यासारखा चढवायचा, दोन्ही बाजूंनी दाबायचा आणि अलगद मागे ओढायचा. सगळी धूळ अभ्र्याच्या पोटात जाते, डोळ्यांत पडत नाही. मागून साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पातं पुसा. रविवारी तांबड्या रश्श्याची फोडणी बसते त्या स्वयंपाकघरातल्या पंख्याला एवढं पुरणार नाही, कारण तिथं धूळ तेलात बसलेली असते. गरम पाण्यात भांड्याचा साबण घालून फडकं भिजवा, पातं ओलं करून थोडा वेळ थांबा, मग पुसा. एक्झॉस्ट फॅनच्या जाळीलाही हाच उपाय. धुण्याचा सोडा तेलकटपणा पटकन काढतो, पण ॲल्युमिनियमला लावू नका. ते काळं पडतं.

खिडक्यांना आपल्याकडं दोन प्रकारची घाण येते. एक रस्त्याची माती. दुसरी हंगामातली. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू होतात, ऊस तुटून जातो, कुठं ना कुठं पाचट पेटतं आणि करवीर, कागल, हातकणंगले पट्ट्यात गच्चीवर, ग्रिलवर काळ्या राखेच्या तुसा पडायला लागतात. या राखेला सुरुवातीला ओलं फडकं लावलं की ती काजळासारखी पसरते. पहिल्यांदा मऊ ब्रशनं अलगद सुपलीत घ्यायची, नंतर साबणपाणी. खिडकीची जाळी निघत असेल तर काढून नळाखाली धरा. निघत नसेल तर मागे एक ओलं फडकं धरून पुढून ब्रश फिरवा. काचेला वाटीभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर आणि पुसायला जुना 'पुढारी' किंवा 'सकाळ'. कागद तंतू सोडत नाही, म्हणून काच स्वच्छ दिसते.

फर्निचरला फडकं फक्त दमट हवं, पिळल्यावर थेंब पडता कामा नये. त्याच्या चार घड्या घाला. एक बाजू मळली की पुढची काढा, अशा आठ बाजू मिळतात, आणि मळकी बाजू पुन्हा लाकडावर फिरवली जात नाही. टीव्हीच्या पडद्यावर काहीही फवारू नका. बंद करून गार झाल्यावर कोरडं मऊ फडकं पुरे. पुस्तकं घट्ट मिटून धरा आणि वरच्या कडेवर ब्रश शिवणीच्या बाजूकडून बाहेर फिरवा. कोल्हापुरी चपला धुवायच्या नाहीत, पाण्यानं चामडं कडक होतं. कोरड्या ब्रशनं वेणीतली माती काढा, बोटभर खोबरेल चोळा आणि सावलीत ठेवा.

देवघरातल्या समई-तांब्याला चिंच आणि मीठ. खळखळून धुऊन लगेच कोरडं करायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी डाग.

सगळ्यात शेवटी फरशी. वरचं काम संपल्यावर अर्धा तास थांबा, उडालेली धूळ खाली बसू द्या, मग पंखा बंद ठेवून केर काढा. पुसताना एका बादलीत साबणपाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. एकाच बादलीत काम केलं तर शेवटच्या खोलीला पहिल्या खोलीचा चिखल लागतो.

अंथरुणं

मला विचाराल तर झाडलोटीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे, कोळ्याच्या जातकुळीतले बारीक जीव (डस्ट माइट) असतात. ते गादी-उशीत राहतात, आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात, दमट हवेत वाढतात, आणि त्यांच्या विष्ठेनं अनेकांना शिंका आणि दमा होतो. आपला पावसाळा म्हणजे त्यांची चंगळच. चादरी-अभ्रे आठवड्याला धुवा. साठ अंशांच्या पाण्यात हे जीव मरतात. वाकळ एवढ्या गरम पाण्यात घालणं जमत नाही, तिला ऑक्टोबरच्या उन्हात दोन्ही बाजूंनी कडक वाळवा आणि गच्चीवरच काठीनं झोडपा, घरात नको. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कुणी कामाला असेल तर ते कपडे दारात झटकू नका. त्यातली बारीक वाळूची धूळ फुप्फुसाला वाईट. थेट पाण्यात बुडवा आणि घरच्या धुण्यात मिसळू नका.

हे करू नका

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा उपाय मोबाईलवर फार फिरतो. फेस दिसतो छान, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळजवळ खारट पाणीच उरतं. वेगवेगळे वापरा. शहाबादी फरशी, कडप्पा, संगमरवर यांवर व्हिनेगर, लिंबू किंवा चिंच लावू नका. हे चुन्याच्या जातीचे दगड आंबटानं झिजतात आणि तकाकी परत येत नाही. जुन्या वाड्यांत आणि बऱ्याच ओट्यांवर हाच दगड असतो. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

बरीचशी धूळ पायांबरोबर येते. उंबऱ्याबाहेर एक जाड गोणपाट आणि आत एक पायपुसणं, चपला दाराबाहेर. गोणपाट आठवड्याला रस्त्याच्या बाजूला झटका. झाडलोट झाल्यावर फडकी गरम साबणपाण्यात धुऊन उन्हात टाका. ओली तशीच बादलीत राहिली तर कुबट वास धरतात, आणि पुढच्या वेळी तोच वास टेबलाला लागतो.