दरडीच्या छायेतील वाडीची पावसाळ्यापूर्वीची तयारी

माळीण (30 जुलै 2014), तळिये (22 जुलै 2021) आणि इर्शाळवाडी (19 जुलै 2023) या महाराष्ट्रातील वस्त्यांवर दरड कोसळल्याच्या तिन्ही दुर्घटना जुलैमध्ये घडल्या. म्हणून डोंगरउतारावरील वाडीसोबतचे काम मे महिन्यातच सुरू करावे. प्रथम वडीलधारी माणसे, गुराखी आणि पाणी भरणाऱ्या स्त्रिया यांना बरोबर घेऊन वरचा उतार पायी पाहावा, कारण जमिनीला पडलेली नवी भेग, कललेली झाडे किंवा एकाएकी गढूळ झालेला झरा त्यांच्याच नजरेस आधी येतो.

पाऊस मोजण्यासाठी सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठरल्या वेळी त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजावी व वहीत नोंदवावी. जमीन आधीच भिजलेली असेल तर तुलनेने कमी पावसातही दरड कोसळू शकते, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये.

स्थलांतर हा सर्वांत नाजूक भाग आहे. गुरे आणि साठवलेले धान्य मागे ठेवून घर सोडणे कोणालाही जड जाते, आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून निवाऱ्याच्या जागी गोठ्याची व वैरणीची सोय आधी करावी. वृद्ध, गरोदर आणि अपंग व्यक्तींना कोण नेणार, हे नावानिशी ठरवावे. अंधार पडण्यापूर्वीच बाहेर पडावे आणि वाट ओढ्याच्या पात्रातून न काढता बाजूने काढावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक प्रत्येक दारामागे लिहावा. जेथे मोबाइलला रेंज नाही, तेथे थाळी किंवा शिट्टीचा इशारा ठरवून त्याचा सराव करावा.