इग्निशन स्विच जायला आलाय, हे कसं ओळखायचं

सेल्फ लागला नाही की बहुतेक लोक आधी बॅटरी बदलतात, मग सेल्फ मोटर उघडतात, आणि दोन्ही ठणठणीत निघाली की स्विचकडे वळतात. हा उलटा क्रम टाळता येतो, कारण स्विच बिघडतो तेव्हा तो चावीच्या ठरावीक खाचेवरच (एसीसी, ऑन किंवा स्टार्ट) बिघडतो. कोणत्या खाचेवर काय बंद पडतं, एवढं नीट पाहिलं की निम्मं निदान झालं.

आपण चावी घालतो ते लॉक आणि त्याच्या मागचा विजेचा स्विच या बहुतेक गाड्यांत दोन वेगळ्या वस्तू असतात. स्विच म्हणजे प्लास्टिकची डबी आणि आत तांब्याचे पॉइंट. बॅटरीची जाड वायर आत येते आणि तिथून करंट वाटला जातो. एसीसीवर रेडिओ आणि चार्जरचं सॉकेट चालतं. ऑनवर इंजिनचा कॉम्प्युटर, फ्युएल पंप, मीटर आणि ब्लोअर चालू होतात. स्टार्टवर सेल्फला करंट जातो आणि तेवढ्या वेळापुरते रेडिओ, ब्लोअर बंद होतात, म्हणजे बॅटरीचा सगळा जोर सेल्फला मिळतो. पॉइंट जळाले, आतली स्प्रिंग सैल झाली किंवा प्लास्टिक उष्णतेने वितळलं, की त्या त्या खाचेचं काम बिघडतं.

तपासणीची सुरुवात चावी ऑनवर ठेवून करा. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग हे सगळे दिवे लागले पाहिजेत. पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद घूं अशी घरघर येते. आता चावी त्याच खाचेत ठेवून बोटाने हलकेच डावी-उजवीकडे हलवा. दिवे लुकलुकले किंवा मीटर क्षणभर विझला, तर आतले पॉइंट झिजलेत.

मग सेल्फ मारा आणि कान देऊन ऐका. डॅशचे दिवे मंद होऊन टकटकटक आवाज आला तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलला हिरवट-पांढरा गंज धरलाय. दिवे फारसे मंद न होता एकच दणकट 'टक्' आला तर संशय सोलेनॉइड (सेल्फ मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) किंवा मोटरवर. दिवे तसेच लख्ख आणि आवाजच नाही, याचा अर्थ सेल्फपर्यंत करंट पोचत नाही. तरीही लगेच स्विचला दोष देऊ नका. ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलला टाकून पाहा. मॅन्युअलमध्ये क्लच स्विच (क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा) असेल तर क्लच पूर्ण दाबा. सेल्फच्या रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या डबीच्या) जागी तसाच दुसरा रिले लावून पाहा.

सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे चावी स्टार्टवर धरली तोवर इंजिन चालू, सोडली की बंद. ऑन खाचेचा पॉइंट चिकटत नसल्याची ही खूण. फक्त इमोबिलायझरशी (चावी ओळखता आली नाही तर इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) गल्लत करू नका. त्यात मीटरवरचा चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतो, आणि इंजिन लागलंच तर एक-दोन सेकंदांत बंद होतं. दुसरी चावी लावून पाहिली की उलगडा होतो.

उलटंही घडतं: इंजिन लागल्यावरही सेल्फ फिरतच राहतो. चावी हाताने मागे ऑनवर आणली आणि तो थांबला, तर स्प्रिंग सैल आहे. ऑफ करूनही थांबला नाही तर रिले किंवा सोलेनॉइड चिकटलाय, ताबडतोब बॅटरीचं निगेटिव्ह काढा. उशीर केला तर मोटर जळते.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं आणि थंड झाल्यावर पुन्हा लागतं, हे स्विचमुळे होतं तसं क्रँक सेन्सरमुळेही (इंजिनचं फिरणं कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर) होतं. बंद पडण्याच्या क्षणी मीटरकडे पाहा. सेन्सरमध्ये दिवे राहतात, फक्त इंजिन जातं. स्विचमध्ये बहुतेकदा मीटरही त्याच क्षणी काळा पडतो.

मल्टिमीटर असेल तर खात्री करता येते. गाडी काही तास उभी असताना बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. 12.2 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ फिरताना 9.6 च्या खाली जाऊ नये. मग स्विचच्या कपलरमागून (वायर जोडणारा प्लास्टिकचा सॉकेट), कपलर न काढता, आत येणाऱ्या आणि ऑनवर बाहेर जाणाऱ्या वायरचं व्होल्टेज मोजा, तेही ब्लोअर पूर्ण वेगात चालू ठेवून. लोड नसेल तर जळका पॉइंटही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, आणि इथेच बरेच जण फसतात. दोन्हीत काही दशांश व्होल्टचा फरक चालतो. आत 12.4 आणि बाहेर 10.5 असेल तर स्विच गेलाच. पिवळ्या कपलरला मात्र हात लावू नका, ते एअरबॅगचं असतं.

स्विच अकाली जाण्याची दोन कारणं आपल्या हातात आहेत. जादा हॉर्न, फॉगलॅम्प, मोठा अॅम्प्लिफायर यांची वायर थेट इग्निशनच्या वायरला जोडली की सगळा लोड त्या छोट्या पॉइंटवर येतो. अशा वस्तू रिले आणि वेगळा फ्यूज लावूनच जोडाव्यात. दुसरं कारण म्हणजे चावीला लटकवलेला जड जुडगा. जनरल मोटर्सने 2014 मध्ये कोबाल्ट, आयन अशा सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या स्विचची खाच इतकी सैल होती, की जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने चावी ऑनवरून सरके, इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसे. त्या दोषाशी 124 मृत्यू जोडले गेले.

म्हणून धावत्या गाडीत एकदा जरी सगळं काळं पडलं, तरी ती गाडी स्विच बदलेपर्यंत हायवेवर नेऊ नका. तसं झालंच तर हॅझर्ड लावा, तो सहसा इग्निशनशिवाय चालतो. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पुन्हा पुन्हा दाबलात तर बूस्टरमधला (ब्रेक हलका करणारा भाग) उरलेला व्हॅक्यूम संपतो. स्टिअरिंग जड होईल, दोन्ही हातांनी वळवून गाडी डावीकडे घ्या. गाडी थांबेपर्यंत चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं.

बदलताना दुकानात आधी विचारा की नुसता विजेचा स्विच मिळतो का. मिळत असेल तर लॉकसेट घ्यायची गरज नाही आणि चावी तीच राहते. बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, स्टिअरिंग कॉलमची कव्हरं उघडा, कपलर सोडवा. बऱ्याच गाड्यांत स्विच दोन स्क्रूंवर असतो. नवा बसवताना चावी आणि स्विच एकाच खाचेवर आहेत ना ते पाहा. कपलरमधली एखादी पिन काळवंडली असेल तर तीही बदला, नाहीतर नवा स्विचही त्याच जागी जळतो.