हवा गार होताना लहान मूल सांभाळताय? या चुका टाळा

हवा पालटायला लागली की लहान मूल असलेल्या घरात ठरावीक गोष्टी घडतात. मुलाच्या अंगावर कपड्यांचा एक थर चढतो, खिडक्या लागतात आणि औषधाच्या बाटल्या कपाटातून हाताशी येतात. हेतू चांगलाच असतो. पण शरदापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत मुलांना जो त्रास होतो, त्यात गारठ्याइतकाच वाटा कोंडलेल्या हवेचा, अंगात मुरलेल्या घामाचा आणि नको त्या औषधांचा असतो. ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

हात-पाय गार लागले म्हणून कपडे वाढवणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. तान्ह्या बाळाचे तळहात आणि पावलं गार लागणं साधं आहे, कारण या वयात रक्त आधी पोटाकडे आणि मेंदूकडे वळतं, टोकांपर्यंत कमी पोचतं. थंडी पाहायची ती मानेच्या मागे किंवा पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध. आधी आपले हात चोळून गरम करा, नाहीतर आपल्याच गार बोटांमुळे अंदाज चुकतो. मग कॉलरच्या आत दोन बोटं घाला. कातडी उबदार आणि कोरडी असेल तर कपडे बरोबर आहेत. ओलसर असेल तर एक थर काढा. गार असेल तरच वाढवा.

साधा हिशेब असा: त्याच खोलीत मोठं माणूस जेवढ्या कपड्यांत निवांत बसेल, त्याहून एक पातळ थर बाळाला जास्त. धावत्या-खेळत्या मुलाला तोही नको.

या दिवसांत सकाळ गार आणि दुपार उबदार असते, म्हणून एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर कामाचे. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सर्वांत वर पुढून उघडणारा, बटणांचा किंवा चेनचा स्वेटर. डोक्यातून घालायचा स्वेटर झोपलेल्या मुलाच्या अंगातून काढायचं कोणी धाडस करत नाही. मग दुपारभर मूल घामात राहतं आणि संध्याकाळी तीच ओली बनियन वाऱ्याने गार पडते. अशा वेळी वरून आणखी काही घालून उपयोग नाही. आतली ओली बनियन बदला, पाठ पुसून कोरडी करा. लोकर थेट कातडीला लागू देऊ नका. ज्यांची कातडी आधीच कोरडी असते, ती मुलं त्या खाजेने रात्रभर कुरकुरतात.

एक बारीक गोष्ट, पण दुर्लक्ष करण्याजोगी मुळीच नाही. पायमोजे आणि हातमोजे घालण्याआधी दर वेळी उलटे करून बघा. आतल्या शिवणीतून सुटलेला धागा किंवा आईचा लांब केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो. बोट सुजतं, तसा तो आणखी आवळतो. बाळ एकसारखं रडतंय आणि कारण सापडत नाही, तेव्हा कपडे काढून हाता-पायाचं एकेक बोट तपासा. धागा आत रुतलेला दिसला आणि सहज निघत नसेल, तर थेट दवाखाना गाठा.

झोपवताना ऊब वाढवत जाणं

एक वर्षाखालच्या बाळाजवळ सैल पांघरूण, उशी, गुबगुबीत लोड किंवा मऊ खेळणी नकोत. पांघरूण तोंडावर सरकलं तर या वयात ते बाजूला करता येत नाही. त्याऐवजी बिनबाह्यांची, मापात बसणारी झोपायची पिशवी वापरा. गळा एवढाच असावा की डोकं आत घसरणार नाही. बाळाला पाठीवरच झोपवा, सर्दी असली तरी. घरात झोपताना टोपी घालू नका. बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर पडते आणि ती वाट बंद झाली की अंग तापतं.

खोली १६ ते २० अंश सेल्सिअस असली की पुरे. आपल्याला ती किंचित गार वाटेल, पण तान्ह्या बाळासाठी अति उष्ण खोली जास्त धोक्याची, कारण अंग अति तापणं आणि झोपेतले अचानक मृत्यू यांचा संबंध आहे. अंथरूण गरम पाण्याच्या पिशवीने ऊबदार केलं, तर बाळाला ठेवण्याआधी पिशवी काढून घ्या.

नाक चोंदलं म्हणून डोक्याखाली उशी देणं हीही चूक. बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी उलट दुमडते.

नाक चोंदल्यावर चुकीच्या टोकाने सुरुवात करणं

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक बंद झालं की दूध ओढता येत नाही, म्हणून ते चिडतं आणि आपण समजतो भूक मेली. खरं काम नाक मोकळं करण्याचं असतं. त्याला औषधाच्या दुकानात मिळणारं ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी लागतं, म्हणजेच सलाइनचे नाकात टाकायचे थेंब. घरी मीठ विरघळवून करू नका. प्रमाण चुकतं आणि पाणी निर्जंतुक राहत नाही.

थेंब दूध पाजण्याआधी पंधरा-वीस मिनिटं टाकायचे. पाजून झाल्यावर टाकले तर उलटी होते. बाटली मुठीत धरून कोमट करा. बाळाला उताणं ठेवा, डोकं किंचित मागे. एकेका नाकपुडीत दोन थेंब टाका आणि पूर्ण एक मिनिट थांबा. घाई होते ती इथेच. शेंबूड पातळ व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग रबरी फुग्याचा पंप वापरायचा तर फुगा नाकाबाहेर दाबून घ्या, टोक नाकपुडीच्या तोंडाशीच टेकवा आणि हळूहळू सोडा. फुगा नाकात घालून दाबला, तर हवा आत जाऊन शेंबूड मागे ढकलला जातो. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नका, आतलं अस्तर सुजतं आणि नाक आणखी चोंदतं. पंप दर वेळी साबणाच्या गरम पाण्याने आत-बाहेर धुऊन तोंड खाली करून वाळवा.

आता काय करू नये ते. मोठ्यांचे नाक उघडणारे थेंब लहान बाळाला कधीही टाकू नका. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेल्या थेंबांनी बाळ सुस्त पडू शकतं आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं ४ वर्षांखाली टाळा, त्यांचा फायदा दिसत नाही आणि अपाय होतो. कापूर-मेन्थॉलचा बाम २ वर्षांखाली नको, आणि नाकात किंवा नाकाखाली तर कोणत्याच वयाला नको. कापूर पोटात गेला तर झटके येतात, म्हणून डबी मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. उकळत्या पाण्याच्या भांड्याची वाफ देऊ नका. नाक मोकळं होण्यापेक्षा भांडं कलंडून भाजण्याची शक्यताच जास्त. मध १२ महिन्यांच्या आत बोटाला लावूनही चाटवू नका, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. वर्ष झाल्यावर रात्री अर्धा चमचा मध खोकल्याला खरंच आराम देतो.

शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागू नका. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो घट्ट आणि पिवळा-हिरवा होतोच. सर्दी दहा-बारा दिवस चालते, खोकला तीन आठवडेही रेंगाळतो. वर्षाला सहा-आठ सर्द्या लहान मुलाला होतातच, पाळणाघरात जाणाऱ्याला त्याहून जास्त. त्यात काही बिघडलं असं नाही.

तापाच्या औषधाचं माप

इथे अगदी काटेकोर राहायला हवं. पॅरासिटॅमॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान ४ ते ६ तास आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त नाही. गफलत होते ती बाटलीत. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, तर सिरपमध्ये ५ मिलीत १२०, १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे, तर ते १२५ च्या सिरपमध्ये ६ मिली होतात आणि थेंबांमध्ये फक्त १.५ मिली. कोणी ‘६ मिली’ एवढंच लक्षात ठेवून दुसरी बाटली उचलली, तर चौपट औषध जातं आणि धोका थेट यकृताला असतो. म्हणून मुलाचं ताजं वजन आणि डॉक्टरांनी सांगितलेला डोस मिलिग्रॅममध्ये लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. माप बाटलीसोबतच्या सुई नसलेल्या सिरिंजनेच घ्या, घरातल्या चमच्याने नको. कोणी, किती वाजता, किती दिलं हे कागदावर लिहा. आईने दिलं आणि बाबांनी पुन्हा दिलं, असं रात्री सर्रास होतं.

अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका. बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्याही नकोत, अंग थरथरतं आणि ताप उलट आत चढतो. ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला, तर घरी औषध देऊन वाट बघू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

आंघोळ, कातडी आणि खोलीतली हवा

कढत पाणी आणि रोजचा साबण यांनी कातडी फाटते. पाणी ३७-३८ अंश, आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपा, साबण फक्त मळलेल्या जागी. तान्ह्या बाळाला रोज आंघोळ हवीच असं नाही. टबात आधी गार पाणी घाला, मग गरम. अंग टिपून, ते किंचित ओलं असतानाच तीन मिनिटांच्या आत बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. लाळेने हनुवटी लाल होत असेल, तर दूध पाजण्याआधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

दिवसभर खिडक्या बंद ठेवल्याने सर्दी टळत नाही, उलट घरातल्या एकाचा विषाणू सगळ्यांना मिळतो. मुलाला दुसऱ्या खोलीत नेऊन सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. हीटरने हवा कोरडी पडते, ४० ते ५० टक्के ओलावा चांगला. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, असेल तर पाणी रोज बदला, टाकी धुवा. सकाळी खिडकीची काच आतून ओघळत असेल तर ओलावा जास्त झाला, भिंतीला बुरशी येईल.

कोळशाची शेगडी किंवा जळणारी कोणतीही वस्तू बंद खोलीत ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो कळतही नाही. विजेचा हीटर पलंग आणि पडद्यांपासून किमान एक मीटर लांब.

बाहेर नेताना

गाडीतल्या मुलाच्या सीटवर जाड फुगीर कोट घालून बसवू नका. धक्का बसला की कोटातली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. कोट काढा, पट्टा आवळा, खांद्याजवळ चिमटीत धरून बघा. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर तो सैल आहे. मग कोट वरून पांघरा. बाबागाडीवर चादर टाकून ती बंद करू नका, आत हवा खेळत नाही आणि बाळ तापतं.

जिथे शरदात घड्याळ एक तास मागे घेतात, तिथे मूल नव्या वेळेने पहाटे पाचलाच उठतं. आधीच्या चार-पाच दिवसांत जेवण आणि झोप रोज पंधरा मिनिटं पुढे सरकवा, सगळं एका रात्रीत बदलू नका.

फ्लूची लस ६ महिन्यांपासून देता येते. ९ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे जातात. घरात सगळे शिंकायला लागल्यावर ती आठवली तर उशीर झालेला असतो.

धाप ओळखण्यात उशीर

लहान बाळाच्या छातीतली सर्दी बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जोरात असते. पहिल्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं म्हणून नंतर बेफिकीर राहू नका. मूल शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा कपडा वर करा, पोट-छाती दिसू दे, आणि घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळाचा श्वास मध्येच थांबत-पळत असतो. २ महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त, हा वेग जलद समजायचा.

मोजता मोजता बरगड्यांखालचा भाग श्वास घेताना आत खेचला जातोय का, नाकपुड्या फुलतायत का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का, हेही बघा. यातलं काही दिसलं, ओठ निळसर पडले, दूध निम्म्याहून कमी झालं, आठ तासांत लंगोट ओला झाला नाही किंवा मूल उठवूनही उठेना, तर रात्र असली तरी निघा. रात्री अचानक कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला सुरू झाला, तर मुलाला उभं धरा, रडू देऊ नका. शांत बसलेलं असतानाही श्वास आत घेताना घुर्र आवाज येत असेल, तर तेही दवाखान्याचंच काम.

डॉक्टरांना फोन लावण्याआधी चार गोष्टी कागदावर मांडून घ्या: मिनिटाला मोजलेले श्वास, शेवटचा लंगोट किती वाजता ओला झाला, शेवटचं औषध किती मिलिग्रॅम आणि केव्हा दिलं, आणि मुलाचं वजन.