घर स्वतः रंगवायचं की पेंटर लावायचा? ठरवताना या चुका टाळा

दसरा महिन्यावर आला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पेंटर येऊन आकडा सांगून गेलेला असतो, तो ऐकून घरातलं कुणीतरी म्हणतं, "एवढे? त्यापेक्षा डबा आणू, रोलर आणू, शनिवार-रविवारात आपणच मारून टाकू!"

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे हे वाक्य मी म्हटलं होतं. ठाण्यातला फ्लॅट, मुलाची दहा बाय बाराची खोली. दोन दिवसांचं काम अकरा दिवस चाललं, तरी झाल्यावर खोली छान दिसत होती, हे मान्य करायला हवं. पुढच्या जुलैत खिडकीकडच्या भिंतीला पोपडे धरले. मग बोलावलेल्या पेंटरने भिंतीवरून तळहात फिरवला, हाताला लागलेली पांढरी भुकटी मला दाखवली आणि म्हणाला, "ताई, रंग चांगलाच मारलाय तुम्ही. पण कशावर मारलाय?"

स्वतः करायचं की माणूस लावायचा, हा निर्णय बहुतेक जण पैसे आणि हौस बघून घेतात. घ्यायचा असतो भिंत बघून.

चूक पहिली: शेडकार्ड आधी, भिंत नंतर

शेडकार्ड उघडायच्या आधी अर्धा तास काढा आणि प्रत्येक भिंत तपासा. तळहात जोरात घासा. भुकटी निघाली तर खाली जुना डिस्टेंपर किंवा चुना आहे. त्यावर थेट मारलेलं इमल्शन (पाण्यात मिसळून मारायचा रंग) भिंतीला धरत नाही, भुकटीला धरतं, आणि भुकटीसोबतच सुटतं. माझं झालं ते हेच. मग चिकटपट्टीचा वीतभर तुकडा भिंतीवर दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीसोबत रंगाची साल आली तर जुना थर खरवडावाच लागणार. बोटाच्या पेराने किंवा नाण्याने भिंत वाजवत जा. मध्येच पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलाय, ते गवंड्याचं काम.

स्वयंपाकघरात वेगळीच गंमत असते. जुन्या घरांत ओट्यामागे ऑइल पेंट मारलेला असतो आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या फोडणीचा थर. ओल्या फडक्याने पुसून बघा, फडकं पिवळं होतं. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, पॉलिश पेपरने चकाकी घालवून, प्रायमर (रंगाआधीचा, रंग धरून ठेवणारा थर) मारल्याशिवाय तिथे पाण्यातला रंग टिकत नाही.

या चाचण्यांत भिंत पास झाली, खिळ्यांची भोकं आणि केसासारख्या भेगा सोडल्या तर सपाट आहे, फक्त रंग बदलायचाय, तर खुशाल स्वतः करा. अख्खी भिंत खरवडून लांबी (भिंत सपाट करायची पुट्टी) भरायची असेल तर पेंटर लावा. लांबी सपाट ओढणं हे खरं कसब आहे. रोलर एका दुपारी येतो, पत्री (लांबी ओढायचं पातं) चालवायला हात बसावा लागतो. मी भरलेली लांबी दिवसा ठीक वाटायची. रात्री भिंतीवरचा दिवा लावला की ताडोबाचे रस्ते दिसायचे.

चूक दुसरी: ओल रंगाने झाकणं

ओल असेल तर "मी की पेंटर" हा प्रश्नच मागे ठेवा. तिथे आधी प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला लागतो. तरीही दरवर्षी लोक डागावर लांबी फासतात, वर महागडा रंग मारतात आणि पुढच्या पावसात रंगाला शिव्या देतात. पेंटरही गप्प बसतो, कारण ओल काढा म्हटलं की त्याचं काम लांबणीवर पडतं.

ओल खरंच आहे का, हे बघायची सोपी युक्ती: फूट-दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. काढताना पाण्याचे थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा आहे, खिडक्या उघडायला लागा. कपाटामागची भिंतही बघा. आमची बुरशी तिथेच दडून बसली होती.

पाणी कुठून येतं त्यावर खर्च कुणाचा हेही ठरतं. राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची आहे. घराच्या आतल्या संडास-मोरीची गळती त्या सभासदाने. तेव्हा वरच्या बिऱ्हाडाशी भांडण्याआधी किंवा स्वतःचे पैसे घालण्याआधी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या.

दुरुस्ती झाल्यावरही भिंत लगेच वाळत नाही. नऊ इंची विटेची भिंत चार महिने पाणी पिऊन बसलेली असते, तिला ऑक्टोबरच्या उन्हाचे काही आठवडे तरी द्या. गणपतीच्या आधी, भर श्रावणात रंगकाम काढणाऱ्यांना मी हल्ली हात जोडते. नव्या गिलाव्यालाही घाई चालत नाही, निदान 28 दिवस थांबावंच.

चूक तिसरी: हिशेब जमिनीचा, काम भिंतीचं

दहा बाय बाराची खोली म्हणजे 120 चौरस फूट, असं धरून लोक मनात गुणाकार करतात. पेंटर भिंत मोजतो. चारही भिंतींची मिळून लांबी 44 फूट, उंची साडेनऊ, म्हणजे 418. दार-खिडकीचे चाळीसेक वजा केले तर 375च्या आसपास. वर छताचे 120. झाले जवळजवळ 500. समजा दर चौरस फुटाला 20 रुपये असेल, तर तुमच्या डोक्यात 2,400 असतात आणि त्याच्या कागदावर 10,000. यात फसवणूक नाही, पण भांडणं यावरूनच होतात. दारं-खिडक्या वजा करणार की नाही, हे मात्र आधी विचारून घ्या. काही जण करतात, काही जण करत नाहीत.

स्वतः करणाऱ्यांचा हिशेब दुसऱ्या बाजूने फसतो. रंग धरतात, बाकीचं विसरतात. याच खोलीच्या भिंतींना दोन हातांसाठी, म्हणजे दोन थरांसाठी, चार लिटरचा एक डबा पुरतो, कारण गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये दोन हात मिळून साधारण 100 ते 140 चौरस फूट होतात. पण त्याच्यासोबत प्रायमर, लांबी, पत्री, तीन-चार नंबरांचे पॉलिश पेपर, रोलर, कोपऱ्यांसाठी ब्रश, मास्किंग टेप, जमिनीवर घालायला प्लास्टिक, आणि चढायला घोडी. घोडी विकत घेऊ नका. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडे असते, मागितली की मिळते.

आणि वेळ. माझे अकरा दिवस कुठे गेले ते सांगते. पहिला दिवस सामान हलवण्यात आणि खिळे काढण्यात. दोन दिवस खरवडण्यात, तेही अर्धवट (त्या अर्धवटपणाचंच फळ पुढच्या जुलैत मिळालं). लांबीचा पहिला हात, रात्रभर वाळवणं, घासणं, दुसरा हात, पुन्हा घासणं: तीन दिवस. एक दिवस भुकटी पुसण्यात गेला. ती मसाल्याच्या डब्यातसुद्धा सापडली, कारण मी दाराच्या फटीत ओलं फडकं लावलं नव्हतं. एक दिवस प्रायमर, दोन दिवस रंग, एक दिवस फरशीवरचे थेंब खरवडणं. दोन हातांच्या मध्ये चार-सहा तास द्यावेच लागतात, पंखा लावून ते कमी होत नाहीत. नोकरी सांभाळून करणार असाल तर ही खोली किती दिवस झोपायला मिळणार नाही, हे आधी मोजा.

चूक चौथी: "इमल्शन मारतो" एवढ्यावर हो म्हणणं

पेंटर लावायचा ठरला तरी निर्णय संपत नाही. तीन जणांचे दर घेऊन सगळ्यात स्वस्त निवडला, ही पुढची चूक, कारण तिघांनी तीन वेगळी कामं धरलेली असतात. एकाने अख्ख्या भिंतीला लांबीचे दोन हात धरलेत, दुसऱ्याने नुसतं टच-अप, तिसऱ्याने प्रायमरच गाळलाय. म्हणून कागदावर लिहून घ्या: लांबी पूर्ण की जागोजागी, किती हात, प्रायमर कुठला, रंगाचे हात किती, आणि रंगाचं पूर्ण नाव. नुसतं "इमल्शन" म्हणजे काहीच नाही. एकाच कंपनीत स्वस्त आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट भावाचं, दोन्ही इमल्शनच. सामान हलवणं, झाकणं, शेवटी साफसफाई, राडारोडा खाली नेणं, हे कोण करणार तेही लिहा.

मालासकट द्यायचं की नुसती मजुरी? माझं मत मजुरीकडे झुकतं. माल स्वतः आणा, डबे तुमच्यासमोर उघडू द्या, पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, ते वाचून दाखवा. रंगात जास्त पाणी म्हणजे पेंटरला रोलर हलका जातो आणि तुमच्या भिंतीला दोनऐवजी दीडच हात मिळतो. बऱ्याच डब्यांत पेंटरसाठी टोकन किंवा कूपन असतं, त्याचे त्याला पैसे मिळतात. ते त्यालाच ठेवू द्या. त्यावरून घासाघीस केलीत तर तो दुसऱ्या कुठून तरी वसूल करेल.

काम अंगावर (सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून) दिलं तर माणूस घाई करतो, रोजावर दिलं तर रेंगाळतो. एका-दोन खोल्यांना रोज परवडतो, अख्ख्या घराला अंगावरच. पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता लांबी-रंगाची पाहणी झाल्यावर. पाहणी अशी: रात्री दिवे बंद करा, बॅटरी भिंतीला टेकवून उजेड तिरका पाडा. प्रत्येक खड्डा आणि पत्रीची रेघ सावलीसकट दिसते.

चूक पाचवी: सगळं एकाच्याच हातून

हा प्रश्न खोलीगणिक सोडवता येतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मुलांची खोली, कपाटांच्या आतली बाजू, गॅलरीचं ग्रिल ही कामं मी आजही स्वतः करीन. छत कधीच नाही. मान अवघडते, रंग डोळ्यांत येतो, घोडीवर उभं राहून हात वर करून काम करताना तोल जातो, आणि छतावरचे पट्टे पंख्याखाली झोपून रोज बघावे लागतात. हॉलची मुख्य भिंतही पेंटरलाच.

जुन्या वाड्यांत किंवा चाळीत राहत असाल तर दारं-खिडक्यांवरचा जुना ऑइल पेंट स्वतः घासायला घेऊ नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या थरांत काय आहे ते कुणी सांगावं? कोरडं घासलं की धूळ हवेत उडते आणि रांगणाऱ्या पोराच्या हातातून तोंडात जाते. पेंटरकडूनसुद्धा पाणी लावून घासून घ्या आणि तोवर लहान मुलं, घरात कुणी गरोदर असेल तर तीही, दुसरीकडे राहू दे.

आता सुरू केलंच आहे आणि अडलंय, तर

रोलरचे पट्टे दिसतायत? मध्येच चहाला गेलात. भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एका दमात संपवायची, कडा ओली असतानाच पुढचा पट्टा जोडायचा, पंखा बंद ठेवायचा. झालेल्या पट्ट्यांवर ब्रश फिरवत बसू नका. वाळू द्या, बारीक पेपर मारा आणि पूर्ण भिंतीला आणखी एक हात द्या. टच-अपचा ठिपका वेगळा दिसतो, त्यावरही उपाय हाच.

दुसरा डबा पहिल्यापेक्षा किंचित वेगळा निघाला तर उरलेले दोन्ही मोठ्या बादलीत एकत्र करा. हे सुरुवातीलाच केलं असतं तर प्रश्न आला नसता. मशीनवर बनवलेली शेड दुकानदार परत घेत नाही, म्हणून शेडकार्डाच्या चौकोनावर विसंबू नका. छोटा नमुना डबा आणून भिंतीवर दोन फुटांचा तुकडा रंगवा आणि सकाळी, दुपारी, ट्यूबलाइटखाली असा तीनदा बघा.

जुना तेलाचा किंवा पाण्याचा डाग तिसऱ्या हातानंतरही वर येत असेल तर रंग वाया घालवू नका. पाण्यातला रंग तो डाग आपल्यात ओढून घेतो. जागा पूर्ण कोरडी करून तिथे ऑइल प्रायमरचा हात मारा, वाळला की वरून रंग. मास्किंग टेप ओढताना रंगाची साल निघते कारण टेप दोन दिवस ठेवली; रंग किंचित ओला असतानाच ती तिरकी ओढायची.

पोपडा धरलाच तर तेवढाच काढून वर लांबी लावू नका. कडा जिथे घट्ट लागेल तिथपर्यंत खरवडत जा, मग तो तुकडा वीतभर असो की दारापर्यंत पोचो. माझा दारापर्यंत पोचला. त्या पेंटरने दीड दिवस नुसतं खरवडलं, आणि मी निवडलेला तोच निळा रंग पुन्हा मारला. उरलेला अर्धा लिटर काचेच्या बरणीत भरून, झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख लिहून, त्यानेच माळ्यावर ठेवून दिला.